हातपाय गार कां पडतात ? रक्ताभिसरणाच्या अवसादाविषयीं

नांदेडहून निघालेला महामार्ग अर्धापूरच्या केळीच्या बागा मागें टाकून हिंगोली जिल्ह्यांत शिरतो आणि वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरी, हिंगोली करीत वाशीम-अकोल्याकडे जाते; दुसरी हदगांव, यवतमाळ करीत नागपूर गांठते. येथें खिचडी खाण्याकरितां मोटारी थांबतात, मालट्रकांचे चालक चहा घेतात, आणि आसपासच्या शिवारांत हळद काढणारीं माणसें बसची वाट पाहत उभीं असतात. अशा ठिकाणीं एकाच दिवशीं चार रोगी आले अशी कल्पना करावी. पहिला, मोटारसायकलवरून पडलेला तरुण. मांडीचें हाड मोडलेलें, पण कपड्यांवर रक्ताचा डाग जेमतेम. दुसरी, शेतांतला दगड उचलतांना विंचू चावलेली मजूर बाई. तिसरें, रात्रभर जुलाब व उलट्या झालेलें सहा वर्षांचें मूल. चौथा, छातींत कळ येऊन घामाघूम झालेला प्रौढ दुकानदार. चौघांचीं दुखणीं निराळीं. परंतु चौघांच्या मनगटावर बोटें ठेवलीं तर हाताला एकच गोष्ट लागेल. कातडी गार व ओलसर, नाडी जलद आणि सुतासारखी बारीक. चेहरा पांढुरका, ओंठ कोरडे, नजर अस्वस्थ.

डॉक्टरी भाषेंत हे चौघेहि ‘शॉक’मध्यें गेलेले आहेत. आणि चौघांच्याहि नातलगांची मागणी बहुधा एकच असेल : “डॉक्टरसाहेब, आधीं सलाईन लावा.” मागणी स्वाभाविक आहे. सलाईनची बाटली म्हणजे सर्व अशक्तपणावरचा हुकमी उतारा, ही समजूत खेड्यांत जितकी पक्की आहे तितकीच ती शहरांतील सुशिक्षित घरांतहि आहे. पण या चौघांपैकीं त्या मुलाला ती बाटली जीवदान देईल, अपघातांतल्या तरुणाला रक्त मिळेपर्यंत तग धरावयास लावील, आणि उरलेल्या दोघांना, बेत न राखतां दिली तर, तीच बुडवील. लक्षणें सारखीं असतां एकाच उपायानें एक तरावा आणि दुसरा बुडावा, असें कां व्हावें ?

‘शॉक’ या शब्दानेंच पुष्कळ घोटाळा करून ठेवला आहे. विजेच्या तारेला हात लागला म्हणजे शॉक बसतो, वाईट बातमी आली म्हणजे शॉक बसतो, आणि आजकाल भाजीचे भाव ऐकूनहि बसतो. वैद्यकांतील शॉक यांपैकीं कोणताच नव्हे. रक्त पाहून एकाद्याला भोंवळ येते, तो आडवा होतो आणि दोन मिनिटांत उठून बसतो. तीहि नुसती मूर्च्छा होय. आंरी फ्रांस्वा ल द्रां या फ्रेंच शस्त्रवैद्यानें १७३७ सालीं बंदुकीच्या जखमांवर ग्रंथ लिहिला, आणि १७४३ सालच्या इंग्रजी भाषांतरांतून हा शब्द वैद्यकांत शिरला. गोळीच्या धक्क्यानें सारें शरीर हादरतें व म्हणून माणूस खचतो, अशी तेव्हांची कल्पना होती. कल्पना गेली, शब्द राहिला. आज त्याचा अर्थ इतकाच कीं, शरीरांतील पेशींना गरजेपुरता प्राणवायु पोंचविण्यास रक्ताभिसरण असमर्थ होणें. मराठींत त्याला रक्ताभिसरणाचा अवसाद म्हणतां येईल. हा स्वतंत्र रोग नव्हे. अनेक रोगांच्या वाटा जेथें येऊन मिळतात ती ही अवस्था आहे.

रक्त शरीरांत गोल फिरतें हें विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं दाखवून दिलें. साठ-सत्तर किलो वजनाच्या प्रौढ माणसाच्या अंगांत चार ते पांच लिटर रक्त असतें, आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचें हृदय दर मिनिटास सुमारें पांच लिटर रक्त पुढें ढकलतें. म्हणजे सगळें रक्त मिनिटाभरांत एक फेरी पुरी करतें. ही व्यवस्था समजण्यास शेतांतल्या विहिरीचा दृष्टांत पुरेसा आहे. हळदीच्या शेवटच्या सरीला पाणी मिळावयाचें तर विहिरींत पाणी हवें, पंप चालला पाहिजे, पाटाचे कांठ धड असले पाहिजेत, आणि वाटेंत कोठें धोंडा किंवा गाळ अडकलेला नसावा. शेवटचें रोप सुकलें तर या चारांपैकीं कांहीं तरी बिघडलें आहे हें नक्की. पण काय बिघडलें तें सुकलेल्या रोपाकडे पाहून कळत नाहीं. त्यासाठीं बांधावरून विहिरीपर्यंत चालत जावें लागतें. शॉकचे मुख्य प्रकार चार मानतात ते याच हिशेबानें : रक्ताचा सांठा घटल्यानें होणारा, हृदयाचा जोर कमी पडल्यानें होणारा, रक्तवाहिन्या सैलावल्यानें होणारा, आणि प्रवाह अडल्यानें होणारा.

दृष्टांत येथवरच खरा. पाट बिचारा मुका असतो. शरीर तसें गप्प बसत नाहीं. रक्तदाब घसरूं लागला ही वर्दी मानेंतील व छातींतील मोठ्या रक्तवाहिन्यांमधून मेंदूला तत्काळ मिळते, आणि मूत्रपिंडांवरील लहानशा ग्रंथि अॅड्रिनॅलीन सोडूं लागतात. हृदय जोरानें व जलद धांवूं लागतें. त्याच वेळीं कातडी, आंतडीं आणि मूत्रपिंडें यांच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे उरलेलें रक्त मेंदूला व खुद्द हृदयाला पुरावें. दुष्काळांत घरधन्यानें जनावरांचा चारा तोडून लेंकरांचें पोट भरावें, तसा हा प्रकार आहे. हातपाय गार पडतात ते यामुळें. घाम सुटतो तो याच अॅड्रिनॅलीनच्या गडबडींत. लघवी कमी होते ती मूत्रपिंडांचा वांटा तोडल्यामुळें. ज्याला सामान्य माणूस रोग समजतो तें वस्तुतः शरीराचें संरक्षण आहे. परंतु हें कर्ज फार काळ फिटत नाहीं. ज्या पेशींचा प्राणवायु तोडला त्या प्राणवायूवांचून साखर जाळूं लागतात, रक्तांत लॅक्टिक आम्ल सांचूं लागतें, आंतड्यांचें अस्तर व मूत्रपिंडें बिघडतात, आणि शेवटीं आकसलेल्या वाहिन्याहि थकून सैल पडतात. त्या टोंकाला पोंचलेल्या रोग्याला रक्त दिलें, औषध दिलें, तरी पुष्कळदां उपयोग होत नाहीं. शॉकमध्यें घड्याळाला एवढें महत्त्व आहे तें याकरितां.

रक्तदाबाचा आंकडा येथें मोठी फसवणूक करतो. निरोगी तरुणाचें शेंकडा १५ पर्यंत रक्त गेलें, म्हणजे पाऊण लिटरच्या आंतबाहेर, तरी तो तें सहज सोसतो. रक्तदानांत ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात आणि दाता चहा-बिस्किट खाऊन घरीं जातो, यांतलें रहस्य हेंच. त्यापुढें शेंकडा ३० पर्यंत नाडी वाढत जाते, हात गार पडतात, माणूस बेचैन होतो. पण पडल्या पडल्या मोजलेला रक्तदाब बराचसा सांवरलेला दिसतो. नंतर मात्र तो एकदम कोसळतो, आणि शेंकडा ४० रक्त गेल्यावर जीव धोक्यांत येतो. लहान मुलांचा रक्तदाब तर याहूनहि उशिरां उतरतो. म्हणून जाणता डॉक्टर यंत्राआधीं हात पाहतो. बोटाचें नख पांच सेकंद दाबून सोडलें कीं तें पांढरें पडतें व एरव्हीं दोन सेकंदांत पुन्हां गुलाबी होतें. शॉकमध्यें हा वेळ लांबतो. ही परीक्षा घरींहि करतां येते, फक्त थंडीच्या दिवसांत ती थोडी फसवी ठरते.

आतां विहिरीचें पाणी आटलें तें कसें, हें पाहूं जातां अपघातांतला तो तरुण प्रथम उभा राहतो. त्याच्या कपड्यांवर रक्त नव्हतें. मग तो शॉकमध्यें कां गेला? मांडीचें हाड मोडलें तर मांडीच्या स्नायूंत लिटरभर किंवा त्याहूनहि अधिक रक्त सांचूं शकतें, आणि बाहेर थेंबहि दिसत नाहीं. पोटांत प्लीहा किंवा यकृत फाटलें तर याहून अधिक. गर्भ गर्भाशयाऐवजीं नळींत रुजून ती नळी फुटली म्हणजे तरुण स्त्रीच्या पोटांत असाच रक्तस्राव होतो, आणि घरचीं माणसें वातानें पोट दुखतें असें समजून शेकत बसतात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव तर आजहि मातांच्या मृत्यूचें एक मोठें कारण आहे.

हें न दिसणारें रक्त विद्वानांनाहि बरीच वर्षें दिसलें नव्हतें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत, ठेंचलेल्या स्नायूंतून एक प्रकारचें विष निघून रक्तांत मिसळतें व त्यानें सैनिक शॉकमध्यें जातो, या मताचा मोठा जोर होता. १९३० सालीं आल्फ्रेड ब्लॅलॉक या अमेरिकन शस्त्रवैद्यानें प्रयोगांनीं दाखविलें कीं, ठेंचलेल्या अवयवांत जें रक्त व जो रक्तद्रव सांचतो तेवढ्यानेंच शॉकची उपपत्ति लागते. विषाची गरज नाहीं. चार वर्षांनीं शॉकची कारणपरत्वें विभागणी करण्याचा पहिला नेटका प्रयत्नहि त्यानेंच केला. दुसऱ्या महायुद्धांत रक्त व रक्तद्रव यांचे सांठे आघाडीपर्यंत नेण्यांत आले, त्याच्या मुळाशीं हा विचार होता.

रक्त न सांडतांहि सांठा घटतो. जुलाब-उलट्या झालेल्या त्या मुलाच्या अंगांतून गेलें तें पाणी व मीठ. रक्तांतला द्रव त्यामुळें आटला. मोठ्या भाजण्यांत कातडींतून द्रव झिरपतो, आणि गंभीर डेंग्यूंत तो वाहिन्यांच्या भिंतींतून आसपासच्या पोकळ्यांत उतरतो. पटकी हें याचें सर्वांत भयंकर उदाहरण. पंढरीच्या वाटेवर पटकीनें किती घरें बसलीं याच्या आठवणी महाराष्ट्रांतल्या जुन्या पिढ्यांजवळ होत्या. सकाळीं धडधाकट असलेला वारकरी संध्याकाळीं डोळे खोल गेलेला, बोटांची कातडी सुरकुतलेली, नाडी न लागणारी अशा अवस्थेंत जाई. स्कॉटलंडांतील टॉमस लॅटा या डॉक्टरनें १८३२ सालीं पटकीच्या रोग्यांच्या शिरेंत मिठाचें पाणी सोडलें आणि मरणोन्मुख माणसें उठून बसलेलीं पाहिलीं. आजच्या सलाईनचें मूळ तेथें आहे. पण शिरेवाटेंच पाणी द्यावयास पाहिजे असें नाहीं. १९७१ सालीं बांगलादेशाच्या मुक्तियुद्धांत निर्वासितांचे लोंढे बनगांवच्या छावणींत आले व पटकी फैलावली, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, सोडा व ग्लुकोज यांचें पाणी पिंपांत भरून नातलगांच्या हातूनच रोग्यांस पाजविलें. त्यांच्या देखरेखीखालीं मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३० वरून ४ च्याहि खालीं आलें. मूल शुद्धीवर असून पिऊं शकत असेल तर जुलाब सुरू होतांच पाजलेलें हें पाणी त्याला शॉकपर्यंत जाऊंच देत नाहीं. सुतासारखी नाडी झाल्यावर मात्र शिरेवाटेंच द्रव भरावा लागतो, आणि तोहि वेगानें.

अपघातांतील तरुणाला मिठाचें पाणी थोडा वेळ सांवरून धरील, पण प्राणवायु वाहणाऱ्या तांबड्या पेशी त्या पाण्यांत नाहींत. फार पाणी भरलें तर उरलेलें रक्त पातळ होतें आणि गोठण्याची शक्ति जाते. त्याला पाहिजे तें रक्त, आणि जेथून स्राव होतो ती जागा बंद करणारा शस्त्रवैद्य.

विहीर भरलेली आहे, पण पंपच बसला आहे. हा दुसरा प्रकार. त्या दुकानदाराच्या हृदयाला रक्त पुरविणारी धमनी गुठळीनें बंद पडून स्नायूचा मोठा भाग निकामी झाला. अंगांत रक्त पुरेसें आहे. पुढें ढकललें जात नाहीं म्हणून तें मागें तुंबतें, आणि तुंबतें तें फुप्फुसांत. अशा माणसाला बाटलीमागून बाटली लावणें म्हणजे फुप्फुसें आंतून पाण्यानें भरणें. त्याचा खरा उपचार ती बंद धमनी लौकरांत लौकर उघडणें हा होय. सर्व साधनें हाताशीं असतांनाहि अशा शॉकमध्यें गेलेल्या रोग्यांपैकीं निम्म्याच्या जवळपास दगावतात, यावरून त्याची कल्पना यावी.

विंचू चावलेल्या बाईचें कोडें याहून चमत्कारिक आहे, आणि तें सुटलें तें महाराष्ट्रांतील एका लहान गांवीं. आपल्याकडे विंचू पुष्कळ जातींचे आहेत. मोठा काळा विंचू दिसण्यांत उग्र, पण त्याचा दंश बहुधा वेदनेवर निभावतो. तांबडा विंचू लहान असतो, आणि तोच जीवघेणा. जालना जिल्ह्यांतील देहेड या खेड्यांत जन्मलेले व नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ सालीं कोंकणांत महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. तेथें विंचूदंशानें धडधाकट माणसें व मुलें डोळ्यांदेखत मरत होतीं. तांबड्या विंचवाच्या गंभीर दंशांत त्या काळीं शंभरांतले सुमारें तीस जण दगावत. मरतांना तोंडावाटें गुलाबी फेंस येई, हातपाय बर्फासारखे पडत. उपचार म्हणून नाना औषधांचें मिश्रण टोंचलें जाई, त्यांत गुंगीचींहि औषधें असत, आणि शॉक म्हणून सलाईन तर असेच. रोगी मात्र जातच.

बावस्करांनीं केलेली गोष्ट ऐकण्यास साधी आहे. त्यांनीं रोग्यांपासून हलावयाचें नाहीं असें ठरविलें आणि तासातासाला काय बदलतें तें टिपून ठेवलें. दंशानंतर उलटी, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय हीं पुढील संकटाचीं पूर्वचिन्हें आहेत, हें निरीक्षण १९८२ सालीं ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध झालें. त्यांतला क्रम महत्त्वाचा आहे. रक्तदाब आरंभीं उतरत नाहीं. तो भलताच चढतो. विंचवाचें विष मज्जातंतूंमधील सोडियमचीं दारें उघडीं ठेवतें, तंतु सारखे चेतत राहतात, आणि शरीरांत अॅड्रिनॅलीनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. वाहिन्या आकसून घट्ट होतात. त्या आंवळलेल्या वाटांवर रक्त रेटतां रेटतां हृदय थकतें, फुप्फुसांत पाणी उतरतें, आणि मग रक्तदाब कोसळतो. शेवटच्या घटकेस आलेल्या डॉक्टरला शॉक दिसतो. त्याआधीं चार तास काय झालें तें दिसत नाहीं.

म्हणजे ज्या आकसण्यानें इतर रोग्यांना तारावें तेंच येथें मारीत होतें. उपाय त्या हिशेबानें निघाला. प्राझोसिन ही रक्तदाब कमी करण्याची, तेव्हांहि बाजारांत असलेली स्वस्त गोळी आकसलेल्या वाहिन्या सैल करते. हातपाय गार पडलेल्या रोग्याला रक्तदाब उतरविणारी गोळी देणें हें पढिक बुद्धीला उफराटें वाटावें असेंच होतें. पण ती लागू पडली. त्यांनीं व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनीं तो अनुभव १९८६ सालीं ‘लॅन्सेट’मध्येंच मांडला, आणि या उपचारानें मृत्यूंचें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास उतरलें. पुढें मुंबईच्या हाफकिनमध्यें तयार होणाऱ्या विंचूविषावरील लशीची जोड प्राझोसिनला दिल्यास रोगी आणखी लौकर सांवरतो, हेंहि महाडच्याच ७० रोग्यांवरील तुलनेंतून २०११ सालीं सिद्ध झालें. २०२२ सालीं बावस्करांस पद्मश्री मिळाली. मोठ्या यंत्रसामग्रीवांचून, एका रक्तदाबमापकाच्या व चिकाटीच्या बळावर जगाच्या वैद्यकांत भर घालतां येते, याचें याहून चांगलें मराठी उदाहरण सांपडणें कठीण.

तिसऱ्या प्रकारांत पाटाचे कांठ ढासळतात. रक्त तेवढेंच, हृदयहि चांगलें. पण वाहिन्या सैलावून रुंद झाल्या कीं तेंच रक्त अपुरें पडतें. येथें एक विसंगति ध्यानांत ठेवावयास हवी. या रोग्याचा हात प्रारंभीं गार नसतो. उलट ऊन, लाल व कोरडा असतो, आणि म्हणूनच घरचीं माणसें निर्धास्त राहतात. यांतला सर्वांत मोठा वांटा जंतुदोषाचा. मधुमेह्याच्या पायाची चिघळलेली जखम, मूत्रमार्गाचा पू, निमोनिया, प्रसूतीनंतरचा ताप, यांपैकीं कशांतूनहि जंतु व त्यांचीं विषें रक्तांत पसरतात. ताप आलेला वृद्ध माणूस असंबद्ध बोलूं लागला, श्वास जलद झाला, लघवी कमी झाली, तर तो नुसता ताप राहिलेला नाहीं. येथें जंतुनाशक औषध पहिल्या तासांत पडण्याला महत्त्व आहे. सोबत द्रव, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर वाहिन्या आंवळणारें नॉरअॅड्रिनॅलीन. म्हणजे विंचवाच्या रोग्याला जें दिलें त्याच्या अगदीं उलट.

द्रवाचाहि येथें बेत लागतो. केन्या, युगांडा व टांझानिया येथील तापानें फणफणलेल्या व शॉकचीं लक्षणें असलेल्या ३,१४१ मुलांवर एक मोठी तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०११ सालीं बाहेर आले. ज्यांना शिरेवाटें झपाट्यानें द्रव दिला त्या मुलांत दोन दिवसांत शंभरामागें सुमारें साडेदहा दगावलीं; ज्यांना तसा दिला नाहीं त्यांत सात-सव्वासात. ही मुलें जुलाबानें आटलेलीं नव्हतीं. तशीं मुलें या तुलनेंतून मुद्दाम वगळलीं होतीं. सलाईनवरची भोळी श्रद्धा केवळ अडाण्यांची नसते, हें त्या निष्कर्षांनीं तज्ज्ञांनाहि जाणवून दिलें.

याच वर्गांत अतिसंवेदनेचा शॉक येतो. शार्ल रिशे व पॉल पोर्टिये या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं समुद्रांतील जीवांच्या विषाची संवय कुत्र्यांना लावण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळीं अगदीं अल्प मात्रा टोंचतांच कुत्रें मिनिटांत मेलें. संवय होण्याऐवजीं उलटेंच घडलें. ही गोष्ट त्यांनीं १९०२ सालीं प्रसिद्ध केली आणि १९१३ सालीं रिशे यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आग्या मोहोळाच्या माशा, शेंगदाणे, पेनिसिलीनचें इंजेक्शन, यांपैकीं कशानेंहि एकाद्याच्या बाबतींत असें घडूं शकतें. सर्पविषावरील लस घोड्याच्या रक्तापासून बनते, म्हणून ती सुद्धां क्वचित् असा शॉक आणते. तेवढ्यासाठीं ती घेण्याचें टाळणें मात्र शुद्ध वेडेपणा, कारण सर्पविषाला दुसरें औषध नाहीं. अंगावर गांधी उठल्या, ओंठ सुजले, घसा आंवळला कीं मांडीच्या स्नायूंत तत्काळ अॅड्रिनॅलीन टोंचणें हा एकच भरवशाचा उपाय. झाडावरून किंवा विहिरींत पडून मणका मोडलेल्या माणसाच्या वाहिन्याहि सैलावतात, कारण त्यांना आंवळून धरणारे मज्जातंतूच तुटलेले असतात. त्याची नाडी इतर शॉकप्रमाणें जलद न होतां मंद चालते, आणि ओळख तिच्यावरूनच पटते.

चौथा प्रकार, अडलेल्या वाटेचा, विरळा पण जलद मारणारा. फासळी मोडून फुप्फुसाला छिद्र पडलें व छातींत हवा कोंडली तर ती हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरा दाबून टाकते; हृदयाच्या पिशवींत रक्त सांचलें तर हृदयाला पसरावयास जागा राहत नाहीं; पायांतील शिरेंत झालेली गुठळी फुप्फुसाच्या धमनींत जाऊन अडकते. पहिल्या दोहोंत योग्य जागीं खुपसलेली जाड सुई एका मिनिटांत माणूस परत आणते, आणि औषधांनीं भरलेलें कपाट असून कांहीं उपयोग होत नाहीं.

प्रत्यक्षांत हे चार कप्पे इतके वेगळे राहत नाहींत. जंतुदोषांत हृदयहि दुबळें होतें. विंचूदंशांत उलट्या व घाम यांनीं अंगांतलें पाणीहि जातें. डॉक्टरला म्हणूनच सुरुवातीचा अंदाज घेऊन, उपचार करून, पुन्हां हात व नाडी पाहावी लागते.

घरच्या माणसांचें काम यांत थोडें, पण नेमकें आहे. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. फाट्यावर माणूस पडला तर पहिलें काम तें. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड ठेवून तळहातानें घट्ट दाबावें व पुन्हां पुन्हां उचलून पाहूं नये. माणसास सपाट निजवावें. मात्र धाप लागली असेल तर त्याला बसतें ठेवावें, कारण हृदयाच्या दुखण्यांत आडवें केल्यानें श्वास आणखी कोंडतो. मान किंवा पाठ दुखावली असल्याचा संशय असेल तर चौघांनीं मिळून, अंग न मुरडतां उचलावें. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडांत पाणी, कांदा, दारू कांहींहि घालूं नये. चादर पांघरावी, पण गार हातपाय शेकूं नयेत. मुद्दाम आकसलेल्या वाहिन्या शेकून सैल केल्या तर मेंदूकडचें रक्त कातडीकडे वळतें. विंचू चावल्या जागीं कापणें, चोखणें, मंत्र घालीत बसणें यांत फक्त वेळ जातो. दंश केव्हां झाला, उलटी केव्हां सुरू झाली, शेवटची लघवी केव्हां झाली, हें मात्र कागदावर लिहून सोबत द्यावें. हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयांत किंवा नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत रोग्याला घेणाऱ्या डॉक्टरच्या दृष्टीनें त्या तीन वेळा फार मोलाच्या आहेत.

तेथें खाटेवर आल्यानंतर नातलगांचे डोळे रक्तदाबाच्या आंकड्यावर खिळलेले असतात. अनुभवी परिचारिका मात्र खाटेखालीं टांगलेल्या लघवीच्या पिशवीकडे अधिक वेळां वांकून पाहते. साठ किलो वजनाच्या माणसाला तासास तीसएक मिलिलिटर लघवी होऊं लागली म्हणजे शरीरानें मूत्रपिंडांचा तोडलेला वांटा पुन्हां सोडला. त्याच सुमारास पायांचीं बोटेंहि ऊन लागूं लागतात.